काळ्या काचेचा दिवा

माझ्या नाकावर माशी बसत नाही, असं आई म्हणायची. चुकून बसलीच तर भाजून मरते, असं वडील जोडायचे. अशा मुलीच्या हाती लोकांचं खरंखोटं ओळखायचा दिवा देऊ नये. पण आमच्या डॉक्टरांनी तो दिला, आणि मी तो मोठ्या तोऱ्यात वापरला.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक झाले, अकोल्याला सहा महिने राहून तपासणीचं काम शिकले आणि मेहकरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात लागले. डॉक्टर क्षयाचे रोगी बघायचे. माझं काम थुंकी, रक्त आणि लघवी तपासायचं. आमच्या घरी या नोकरीचं कुणाला कौतुक नव्हतं. वडील शाळामास्तर, रोजची पूजा साग्रसंगीत करणारे. पगाराला त्यांची हरकत नव्हती, कामाला होती. शेवटी आईनं तोड काढली. मी मागच्या दारानं यायचं, न्हाणीत अंगावर पाणी घ्यायचं, दवाखान्याचं पातळ बाहेरच्या दोरीवर टाकायचं, आणि माझी कापडी पिशवी गोठ्यातल्या खुंटीला राहायची. मी तिला जंतू म्हणजे काय ते समजावून सांगायचे. ती म्हणायची, "जंतू तुझे, विटाळ माझा. दोन्ही बाहेरच राहू दे."

क्षयाचं औषध तेव्हा दीड-दोन वर्षं घ्यावं लागे. आमचा कंपाउंडर पांढऱ्या गोळ्या कुटून एका कडूजहर भुकटीत मिसळायचा आणि त्याच्या पुड्या बांधायचा. पुडी घेतली की पोटात ढवळायचं, अन्नावरची वासना जायची. तरी सुरुवातीला लोक निमूट घ्यायचे, कारण मरणाची भीती असायची. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबायचा, अंगावर मांस चढायचं आणि माणूस म्हणायचा, झालो बरा. मग पुड्या उकिरड्यावर जायच्या. काही महिन्यांनी तोच माणूस रक्त थुंकत परत यायचा. एका म्हाताऱ्यानं तर आपल्या पुड्या बैलाला चारल्या होत्या. "त्यालेही खोकला व्हता ना बाई," असं तो आम्हालाच समजावून सांगत होता.

विचारलं तर सगळे एका तोंडानं म्हणायचे, घेतो. कुणी देऊळगावच्या बालाजीची शपथ घ्यायचा, कुणी शेगावच्या महाराजांची. डॉक्टर शांत माणूस. ते कुणावर डाफरायचे नाहीत. त्यांनी एक युक्ती काढली. तोंड आलं की देतात ती पिवळी जीवनसत्त्वाची गोळी असते ना, ब-दोन, ती कुटून प्रत्येक पुडीत चिमूटभर घालायला सांगितली. शरीर त्यातलं लागेल तेवढं ठेवतं आणि उरलेलं लघवीतून बाहेर टाकतं. आणि ते द्रव्य असं आहे की काळ्या काचेच्या एका खास दिव्याखाली धरलं की ते आपण होऊन उजळतं. तो दिवा डॉक्टरांच्या एका मित्राचा होता. डोक्यातला नायटा ओळखायला त्यानं आणलेला. रोग्यानं रात्री झोपताना पुडी घ्यायची, सकाळची पहिली लघवी आम्ही दिलेल्या बाटलीत धरायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणायची. बाकी काही रोग्यांना सांगायचं नाही. त्यांना वाटायचं, साखर बघतात.

पहिल्या दिवसाचं मला लख्ख आठवतं. दवाखान्याच्या कोठीला एकच खिडकी होती. तिच्यावर घोंगडी ठोकून मी अंधार केला आणि दिवा लावला. लावला तरी उजेड असा पडलाच नाही, नुसती जांभळट झाक. मग बाटली पुढं धरली, आणि ती आतून पोपटी उजळली. हरभऱ्याच्या कोवळ्या घाट्याचा रंग असतो तसा रंग. मी ओरडलेच. एका जिवंत माणसाच्या अंगातून फिरून आलेलं पाणी, त्यानं काल रात्री काय गिळलं ते मला सांगत होतं. ज्यानं पुडी घेतली नव्हती त्याची बाटली तशीच राहिली, फिकट, धुरकट, निळसर. मला त्या पोपटी उजेडाचं वेडच लागलं. पुढं जे झालं ते होऊनही, तो रंग आठवला की मला आजही आनंद होतो.

औषध मोजकंच यायचं आणि ओट्यावर वाट बघणारे पुष्कळ असायचे. म्हणून नियम होता. दर पंधरा दिवसांनी बाटली तपासायची. लागोपाठ तीन बाटल्या कोऱ्या निघाल्या की यादीतल्या नावावर लाल रेघ ओढायची आणि ती जागा दुसऱ्याला द्यायची. नियम डॉक्टरांचा, रेघ माझ्या हातची. डॉक्टर सांगायचे, रेघ ओढण्यापूर्वी एकदा नीट विचारून बघत जा. मी विचारायचे, पण माझं विचारणं म्हणजे फौजदाराचं विचारणं.

बैलाला पुड्या चारणाऱ्या म्हाताऱ्याला मी असाच धरला. "आजोबा, तुम्ही सोमवारपासून पुडी घेतलेली नाही," असं म्हणून मी सोमवार अंदाजानंच ठोकून दिला. तो चपापला. "तुमाले कोनं सांगतलं वं बाई?" मी नुसतं कोठीतल्या दिव्याकडे बोट केलं, आणि त्यानं ते जानेफळपर्यंत नेलं. मेहकरच्या बाईजवळ एक दिवा हाय, खोटं बोललं का त्याले कयते. लोक मला वचकायला लागले. बाया माझ्याशी बोलताना पदर सावरायच्या. मी बावीस वर्षांची, अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली. मला ते फार आवडलं.

ती त्याच वर्षी ज्येष्ठात आली. जानेफळच्या पुढच्या एका खेड्यातली, बेताची शेती असलेल्या घरची सून. माझ्याच वयाची असेल. बाळंतपणानंतर तिचा खोकला गेलाच नव्हता आणि आता रक्त पडत होतं. सोबत नवरा होता, अबोल, हातात टोपी घेऊन उभा राहणारा. मुलगी सात महिन्यांची होती. डॉक्टरांनी सांगितलं, थुंकी साफ होईपर्यंत मुलीला जवळ घ्यायचं नाही, अंगावर पाजायचं तर मुळीच नाही. तिनं मान डोलावली. नंतर माझ्याकडे रक्त द्यायला बसली तेव्हा तिनं आपण होऊन सगळं सांगितलं. अंगणाच्या एका टोकाला ती बसते, दुसऱ्या टोकाला सासू मुलीला घेऊन बसते. मुलगी तिच्याकडे बघून हसते. चुलतसासरे म्हणतात, असली बाई घरात नको, माहेरी धाडा आणि पोरगी ठेवून घ्या. सासूनं आणि नवऱ्यानं त्यांना सांगितलं आहे, औषध चालू आहे तोवर राहू द्या.

"मंग औषिद चालू राह्यलं पाह्यजे ना बाई," ती म्हणाली.

म्हणजे यादीतलं तिचं नाव हेच तिचं घर होतं आणि तीच तिची मुलगी होती. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तर पुढचं सांगताना मला कुठं लपायला जागा नाही.

आषाढात आणि श्रावणात तिच्या बाटल्या अशा उजळायच्या की मी बाकीच्यांना तिचं उदाहरण द्यायचे. तिचं वजन वाढलं. ती दुपारच्या मोटरीनं यायची, बाटली टेबलावर ठेवायची आणि मुलीचं काहीतरी सांगायची. आता बसते. आता रांगते. परवा रांगत रांगत अंगणाच्या मध्यापर्यंत आली, मी ओरडून सासूला बोलावलं. हे सांगताना ती हसली, आणि मग डोळ्याला पदर लावला.

पोळा झाला आणि तिची बाटली कोरी निघाली. मला वाटलं, एखाद्या रात्री विसरली असेल. पितृपक्षात पुन्हा कोरी. तेव्हा मी तिला दम भरला. ती गोंधळली, म्हणाली, "मी तं घेतो ना." नवरात्रात तिसरी बाटली आली, तीही कोरी. मला मनातून खरंच वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की राग येतो. बरं वाटायला लागलं की औषध टाकून देणारे मी ढिगानं पाहिले होते. तिचं सगळं त्याच वळणानं गेलेलं दिसत होतं. त्या दिवशी डॉक्टर औषधं आणायला अकोल्याला गेले होते. मी थांबायला हवं होतं. थांबले नाही.

"तू पुड्या घेत नाहीस," मी म्हटलं. नवरा शेजारीच होता.

"घेतो बाई. रोज रात्री घेतो. सासूबाईच्या देखत घेतो."

"देखत तोंडात घालून मागं जाऊन थुंकणारे मी पुष्कळ बघितलेत."

"पोरीची आन घेतो, बाई."

"मुलीची खोटी शपथ घेऊ नकोस. दिवा खोटं बोलत नाही."

माझी जीभ अजून थांबायला तयार नव्हती. मी तिच्या नवऱ्याला म्हटलं, "हातच्या काकणाला आरसा कशाला? चला, तुम्हीच बघा." त्याला मी कोठीत नेलं, घोंगडी ओढली, दिवा लावला. आधी दुसऱ्या एका रोग्याची बाटली धरली. ती पोपटी उजळली. मग त्याच्या बायकोची. त्यानं दोन्ही बघितल्या, पुन्हा एकदा बघितल्या, आणि बाहेर आला. ती भिंतीला टेकून उभी होती. तो तिला एवढंच म्हणाला, "चाल."

त्यांच्या मागं मी यादी काढली आणि पट्टी लावून लाल रेघ ओढली.

संध्याकाळी डॉक्टर परत आले. मी सांगितलं तेव्हा त्यांनी यादी पुढं ओढली आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. "ही?" एवढंच म्हणाले. मग ओट्यावरच्या पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली तेव्हा आम्ही दवाखान्याची झाडझूड काढली. कोठी रिकामी केली. घोंगडी झटकली, फळ्या धुतल्या, सगळ्या बाटल्या ओट्यावर उन्हात मांडल्या. त्यांत माझी नमुन्याची बाटलीही होती. रोज सकाळी मी एक पिवळी गोळी पाण्यात विरघळवून ठेवायचे, म्हणजे रोग्यांच्या बाटल्या तिच्याशी ताडून बघता येत. दुपारी सगळं परत जागेवर लावलं, दिवा चालतो का बघावं म्हणून लावला आणि नमुन्याची बाटली पुढं धरली. ती उजळली नाही. फिकट, धुरकट, निळसर.

मला वाटलं, दिवा बिघडला. नवी गोळी घेऊन पाण्यात घातली, ती झक्क पोपटी. म्हणजे दिवा ठीक होता. मग मी त्याच पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या. एक ओट्यावर उन्हात ठेवली, दुसरीवर घमेलं उपडं घातलं. तासाभरानं दोन्ही आत आणल्या. घमेल्याखालची उजळली. उन्हातली मेलेली होती.

कंपाउंडरच्या फळीवर त्या पिवळ्या गोळ्यांची बाटली होती. ती तपकिरी काचेची होती. कारखान्यातून ती तशीच यायची, आणि मी ती रोज हाताळत होते. ती तपकिरी का, हे मी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. आम्ही रोग्यांना द्यायचो त्या बाटल्या साध्या, पांढऱ्या काचेच्या.

मी तिथंच पाटावर बसले. माझ्या डोक्यात पहिलं नाव तिचंच आलं. बाकीचे रोगी सकाळच्या मोटरीनं यायचे, बाटली पिशवीत घालून, भाकरीच्या फडक्याखाली दडवून. दुपारच्या मोटरीनं येणारी ती एकटीच. पहाटे भरलेली बाटली दुपारपर्यंत कुठंतरी ठेवलेली असणार. आषाढ-श्रावणात आभाळ भरलेलं होतं, तेव्हा उजळत होती. पोळ्यानंतर भादव्याचं ऊन पडलं आणि ती कोरी निघायला लागली. सगळं माझ्यासमोर महिनाभर पडलं होतं, आणि मी दिवा पाजळत बसले होते.

मी दोन्ही बाटल्या डॉक्टरांपुढं नेऊन ठेवल्या आणि सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही बाटल्या स्वतः बघितल्या. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं, बाई. युक्ती माझी होती." मग म्हणाले, "यादी मागून दुरुस्त करा. आधी तिच्या गावी जाऊन या." त्यांनी लाल रेघेची बाकीची नावंही पुन्हा बोलावायला सांगितली. त्यांतले बहुतेक हसत कबूल झाले की त्यांनी खरंच पुड्या टाकल्या होत्या. एकजण गाव सोडून गेला होता. त्याचं खरं काय होतं ते मला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटरीनं मी जानेफळला उतरले आणि तिथून चालत गेले. घर सापडायला वेळ लागला नाही. सासू अंगणात ज्वारी पाखडत होती. मला बघून ती उठली, पदर नीट केला, घोंगडं अंथरलं. मी बसलेच नाही. विचारलं, "ती सकाळची बाटली कुठं ठेवत होती?"

"घरात कशी ठिवन बाई मुताची बाटली? घरात देव हायेत. तथी ठिवे, कुडावर." तिनं बोट दाखवलं.

अंगणाच्या कडेला मातीची बुटकी भिंत होती. तिच्यावर एक चपटा दगड, बाटली पडू नये म्हणून मुद्दाम बसवलेला. सकाळी दहा वाजले होते आणि दगडावर लख्ख ऊन होतं. सबंध गावात त्या बाटलीला दुसरी जागाच नव्हती. माझी स्वतःची पिशवी घरी गोठ्यात टांगलेली असताना, ही बाटली हिनं देवघरापाशी ठेवली असेल, असं मी गृहीत धरून चालले होते की काय कुणास ठाऊक. खरं तर मी काही विचारच केला नव्हता.

मी सासूला सांगितलं. उन्हाचं, बाटलीचं, दिव्याचं. सून खरं बोलत होती, चूक माझी होती, असं स्पष्ट सांगितलं. ती सूप खाली ठेवून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "म्याच पाजत होती तिले पुडी. माह्या हातानं. तोंड उघडून दाखवे मले. म्या ह्या डोयानं पाह्यलं रोज."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमचा दिवा म्हने नाही. पोरगा त्याच्या डोयानं पाहून आला. मंग म्या म्हनलं, मी म्हातारी, मले काय कयते? थुकत असन कुठी. तिचे चुलतसासरे तं वाटच पाहत व्हते. दुसऱ्या दिवशी धाडली तिले." ती रडायला लागली. "माह्या डोयाले खोटं पाडलं म्या, बाई."

मीही रडले. आयुष्यात इतकी शरम मला त्याआधी वाटली नव्हती, नंतरही नाही. शेतातून नवऱ्याला बोलावून घेतलं. चुलतसासरेही आले, शेजारचे दोन-चार जण जमले. मी सगळ्यांच्या देखत पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पिशवीतून दोन बाटल्या आणि एक गोळी नेली होती, पण दिवा नव्हता, मग दाखवणार काय? नुसत्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. नवरा म्हणाला, "दिवायीले ते माहेरीच राहते. भाऊबीज झाली का घेऊन येतो." चुलतसासरे उठून गेले. मी दुपारच्या मोटरीनं परतले. मोटरीत मला हलकं हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाचा मला जरा अभिमानही वाटला, हे कबूल करते.

तिचं माहेर देऊळगाव राजाकडचं. तिच्या पुड्या तीन आठवडे बंद होत्या, आणि डॉक्टरांना त्याचीच काळजी होती. असं मध्येच तुटलेलं औषध पुढं लागू पडत नाही, हे त्यांनी मला आधीही सांगितलं होतं. त्यांनी आठ दिवसांच्या पुड्या बांधून दिल्या आणि मी दुसऱ्याच दिवशी निघाले.

ती ओसरीच्या कोपऱ्यात वेगळ्या चटईवर बसली होती. वाळली होती. खोकला परत सुरू झाला होता. मला बघून ती उठायला लागली, मी तिला बसवलं. तिच्यासमोर बसून मी म्हटलं, "माझी चूक झाली. तू खरं बोलत होतीस." तिनं सगळं ऐकून घेतलं. रागाचा एक शब्द बोलली नाही. विचारलं एवढंच, "हे त्याह्यच्या देखत सांगतलं का?"

"सांगितलं. तुझ्या नवऱ्याच्या, चुलतसासऱ्यांच्या, सगळ्यांच्या देखत."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. पुड्या तिनं कपाळाला लावून उशाशी ठेवल्या. थोड्या वेळानं पुढं वाकली. "तुमी काल घरी गेल्ता ना? माही पोरगी चालते का आता?"

मी आठवायला लागले. सूप आठवलं. ज्वारी आठवली. भिंत, दगड, दगडावरचं ऊन, सासूचे डोळे, नवऱ्याच्या हातातली टोपी. मुलगी आठवेना. ती त्याच अंगणात असणार, सासूच्या पाठीमागं, नाहीतर घरात निजलेली. मी तीन-चार तास तिथं होते. मी माझ्या चुकीत इतकी गुंतले होते की मुलीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

"हो, चालते," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली. "तुमी पाह्यलीच नाही तिले."

मी "नाही" म्हटलं, तेही जेमतेम ऐकू येईल असं. तीच माझी समजूत घालायला लागली. "असू द्या. कामाच्या गडबडीत राह्यते मानसाचं. पन पुन्हा जासान ना, तवा पाह्यजा. अन् मले येऊन सांगजा."

ती पुढं बरी झाली, हे इथंच सांगून टाकते. दीड वर्षाच्या जागी दोन वर्षांच्या वर लागलं, पुड्यांच्या जोडीला इंजेक्शनं द्यावी लागली, पण थुंकी साफ झाली आणि डॉक्टरांनी तिला मुलीला घ्यायची परवानगी दिली. आम्ही बाटल्यांना जुन्या वहीचे काळे पुठ्ठे गुंडाळायला लागलो. दिवा मी पुष्कळ वर्षं वापरला. लाल रेघ मात्र त्यानंतर मी एकटीनं कधी ओढली नाही.

तिच्या माहेरच्या त्या भेटीनंतर लगेचच्या रविवारी मला सुट्टी होती. घरी फराळाचं चाललं होतं आणि आईला माझा हात हवा होता. मी तिला न सांगता जानेफळची मोटर धरली. सासूला वाटलं, आणखी काही चुकलं. मी म्हटलं, "काही नाही, मुलीला बघायला आले." तिनं मुलीला अंगणात सोडलं. मुलगी बाजेचा पाय धरून उभी राहिली, माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं, मग हसली. मी तासभर जमिनीवर बसून होते. दोन्ही हात पुढं करून बोलावलं तरी ती माझ्याकडे येईना. मग ती आपण होऊन निघाली. मी मनात मोजलं. तिथूनच मोटर बदलत देऊळगाव राजाला गेले. पोचायला दुपार कलली.

ती ओसरीतच होती. या वेळी तिनं काही विचारायच्या आत मी तिच्यासमोर बसले.

"चार पावलं टाकते," मी म्हटलं. "पाचव्याला खाली बसते."

"कोन्या अंगाले बसते?"

"डाव्या. डावा हात टेकते, मग बसते."

तिनं डोळे मिटले. ओठ हलत होते, ती मोजत होती. मग डोळे न उघडताच म्हणाली, "अजून एक डाव सांगा बाई."